परसातलं खोल तळं: आधी खालचं पाणी बघा

तळं कसं बांधावं हे शिकवणारे बहुतेक व्हिडिओ थंड देशांतले असतात. तिथे तळं खोल करतात ते हिवाळ्यात वरचं पाणी गोठलं तरी मासे खाली जगावेत म्हणून. आपल्याकडे पाणी गोठायचं नाही, पण एप्रिल-मेमध्ये गुडघाभर पाणी दुपारपर्यंत इतकं तापतं की मासे वर येऊन तोंडं वासतात. पाणी जितकं कोमट, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणजे खोली गोव्यातही हवीच, फक्त कारण वेगळं.

त्या व्हिडिओंत नसते ती आपली जमीन आणि आपला पाऊस. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. फोंडा, डिचोली, पेडणे भागात परसातली खोल तळी बिघडलेली मी पाहिली आहेत, ती गळतीने क्वचितच. बहुतेक वेळा खालून आलेल्या पाण्याने.

जागा, माप

माडाखाली नको. एक नारळ वरून पडला की लायनर (तळ्यात अंथरायचा जलरोधक कागद) गेला, आणि झावळ्या कुजून पाणी काळं होतं ते निराळंच. बांबूच्या बेटापासूनही लांब राहा. कुमुदाला फुलं हवी असतील तर दिवसाला पाच-सहा तास ऊन लागतं. टेकडीचा उतार कापावा लागणार असेल तर नगर नियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली परवानगी लागते. ती जेसीबी बोलावण्याआधी घ्या.

पुढची सगळी मापं ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, दीड मीटर खोल तळ्याची धरली आहेत. आकार साधा ठेवा. किडनीसारखी वळणं कागदावर छान दिसतात, लायनरला मात्र प्रत्येक वळणात घड्या पडतात.

खालचं पाणी

या टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

लोक खोदतात ते मार्च-एप्रिलमध्ये. खड्डा ठणठणीत कोरडा असतो. जेसीबीवाला म्हणतो, ‘पाणी नाही हो इथे,’ आणि त्या दिवशी तो खोटं बोलत नसतो. पण जांभा सच्छिद्र आहे. त्याच्या खाली बहुतेक ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर असतो. पावसाचं पाणी जांभ्यातून झरझर उतरतं, त्या थरावर अडतं आणि साठत साठत वर चढतं. मेमध्ये कोरडा असलेला खड्डा जुलैत कंबरभर पाण्याने भरतो, वरून एक थेंब न पडू देताही.

आता त्या खड्ड्यात तुम्ही लायनर घातला आहे असं समजा. रिकामी बादली विहिरीच्या पाण्यात खाली दाबून बघा, हात वर ढकलला जातो. तेच इथे होतं. आतल्या पाण्यापेक्षा बाहेरचं पाणी वर गेलं की लायनर तळापासून सुटतो आणि तळ्याच्या मधोमध फुगा येतो. कुंड्या कलंडतात, घड्या ताणतात, पाणी ओसरल्यावर लायनर पुन्हा जागेवर बसत नाही.

‘मग सिमेंटचं करू, ते कुठे तरंगणार?’ हा सल्ला मला दर वर्षी ऐकू येतो. हिशेब करा. १५ सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण ३६० किलो. बाहेरचं पाणी तळाच्या एक मीटर वर असेल तर खालून येणारा दाब चौरस मीटरला १००० किलो. भर पावसात तळं उपसलं की लादीला तडा जातो. तडा गेला नाही तर सगळी टाकीच उचलली जाते. सिमेंटने खर्च वाढतो, प्रश्न तिथेच राहतो.

तर आधी मोजा. घरात विहीर असेल तर जुलैच्या अखेरीपासून गणेश चवथीपर्यंत आठवड्यातून एकदा दोरी सोडून पाहा, की जमिनीपासून पाणी किती खाली आहे. तळ्याची जागा विहिरीपेक्षा सखल असेल तर तो फरक वजा करायला विसरू नका. विहीर नसेल तर तळ्याच्या जागी दोन मीटर खोल अरुंद भोक पाडा, त्यात भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप उभा करा, वर टोपण घाला आणि काठी घालून ओल मोजा. हो, यात एक पावसाळा जातो. जाऊ दे. ज्याला एवढा धीर नाही त्याने मोठं मातीचं भांडं घेऊन त्यात कमळ लावावं.

सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) किंवा उंचवट्यावर चवथीतही पाणी दोन मीटरच्या खाली असेल तर तुम्ही सुटलात. खोदा आणि पुढचा भाग वाचा.

शेताच्या कडेला, व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) पाणी जमिनीला टेकत असेल तर लायनर घालूच नका. तिथे जमिनीतल्या पाण्याला आत येऊ द्या. मंगेशीच्या, नागेशीच्या देवळाची तळी पाहा: चिरे आणि पायऱ्या, खाली प्लास्टिक नाही. कोरडे चिरे रचून, सांध्यांत गिलावा न करता भिंती उभ्या करायच्या. पाणी पावसाळ्यात चढेल, उन्हाळ्यात उतरेल, आणि दोन्ही वेळा तळं शाबूत राहील. खाजनाजवळ (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीजवळ) मात्र आधी पाणी चाखून बघा. खारं लागलं तर कुमुद विसरा.

उरली मधली परिस्थिती, आणि बहुतेक परसं यातच येतात. चवथीत पाणी जमिनीपासून अर्धा-एक मीटर खाली. इथे लायनरचं तळं होतं, पण दोन गोष्टी केल्या तरच.

पहिली, जी फुकट आहे आणि कोणी करत नाही: तळ्यातल्या पाण्याची पातळी आजूबाजूच्या जमिनीच्या वर ठेवा. काठाला चिऱ्याचा एक थर बसवून तो जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. सपाट जागेत जमिनीतलं पाणी जमिनीच्या वर चढत नाही. तळं काठोकाठ असेल तर आतला दाब नेहमी जास्त राहतो आणि लायनर जागेवर दाबलेला राहतो. पण मग गवंडी येतो आणि जादा पाणी काढायचा पाइप काठाच्या फूटभर खाली बसवतो, ‘म्हणजे भरून वाहायला नको’. तळ्याची खरी पातळी त्या पाइपाने ठरते. तो जमिनीच्या पातळीच्या वरच हवा. गवंड्याच्या शेजारी उभे राहा आणि स्वतः खूण करून द्या. उंच काठाचा आणखी एक फायदा: अंगणातला लाल गढूळ लोट आत येत नाही.

उतारावर हा उपाय एकटा पुरत नाही, कारण वरच्या बाजूचं पाणी तुमच्या काठापेक्षा उंच असतं. म्हणून दुसरी गोष्ट, तळाखालचा निचरा. तळ एका कोपऱ्याकडे थोडा उतरता ठेवा. भिंतींच्या पायाशी चारी बाजूंनी फूटभर रुंद, फूटभर खोल चर मारा. त्यात भोकं पाडलेला ११० मिलिमीटरचा पाइप, भोवती २० मिलिमीटरची खडी, आणि खडीभोवती जिओटेक्स्टाइल कापड, नाहीतर मातीने सगळं तुंबतं. खाली मळ्याचा टप्पा असेल तर पाइपाचं तोंड तिथे उघडं काढा. यंत्र नाही, वीज नाही, त्याहून चांगलं काही नाही. तशी सोय नसेल तर सखल कोपऱ्यापासून आठ इंची पाइप तळ्याच्या बाहेरून उभा जमिनीच्या वर आणा. पावसात त्यात काठी घालून पाहायचं. पाइपातलं पाणी तळ्यातल्या पाण्यापेक्षा वर गेलं तर लहान सबमर्सिबल सोडून उपसायचं. पंप तासभर चालूनही पातळी हलत नसेल तर तुमची जागा मधली नाही, व्हाळाकाठचीच आहे, लायनर काढा.

या पाइपाला काही जण ‘नंतर बघू’ म्हणतात. लायनर पसरल्यावर तो घालता येत नाही.

खोदाई आणि लायनर

जांभ्यात भिंत जवळजवळ उभी राहते, मातीत उतार द्यावा लागतो. एका बाजूला ३० ते ४० सेंटीमीटर खोलीवर पायरी सोडा, झाडांसाठी आणि चुकून पडलेल्याला वर यायला. जांभ्याची टोकं छिन्नीने मोडा, तळावर बोटाएवढा वाळूचा थर द्या, वर जाड न विणलेलं जिओटेक्स्टाइल. गोणपाट नको म्हणजे नको: कुजतं, वायू धरतं, वाळवी बोलावतं.

लायनर म्हणजे शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा काळा कागद, किंवा परवडत असेल तर एक मिलिमीटरचं ईपीडीएम रबर. लहान तळ्याला मी रबरच सांगेन. शेततळ्याचा कागद ताठ असतो, कोपऱ्यांत नीट बसत नाही. माप: लांबी अधिक दोनदा खोली अधिक ६० सेंटीमीटर. म्हणजे आपल्या तळ्याला ७.६ बाय ६.६ मीटर. सकाळच्या उन्हात तासभर पसरून ठेवा, मऊ होतो.

मग लगेच भरा, मेच्या मध्याआधी, टँकरने. ‘पाऊस भरेलच की’ म्हणून रिकामं सोडलेलं तळं पहिल्याच मोठ्या पावसात धोक्यात येतं, कारण वरून दोन-चार इंच पाणी पडतं आणि तेवढ्यात बाजूंनी फूटभर चढतं.

दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस पडला तर या तळ्यात वरूनच २४०० लिटर येतं. जादा पाण्याचा पाइप ११० मिलिमीटरचा घ्या, तोंडाला जाळी लावा, आणि ते पाणी माडांच्या आळ्यांत सोडा. व्हाळात नको, तुमचे मासे तिकडे जायला नकोत.

घरात किंवा शेजारी लहान मूल असेल तर पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित वर मजबूत लोखंडी जाळी बसवा. यावर चर्चा नाही.

झाडं, मासे

नळाचं पाणी भरलं असेल तर दोन-तीन दिवस उघडं राहू द्या, क्लोरीन उडतं. कुमुदाची कुंडी अर्ध्या मीटर खोलीवर. जलपर्णी कोणी प्रेमाने दिली तरी घेऊ नका.

डासांसाठी मासे पहिल्या आठवड्यातच सोडा. गप्पी सगळे सुचवतात, पण डोक्यावर चकाकता ठिपका असलेला आपल्याकडचा अ‍ॅप्लोकायलस पृष्ठभागावरच्या अळ्या छान टिपतो. त्याच्या एका जातीचा मलेरियाविरुद्धचा उपयोग गोव्यातच तपासला गेला आहे. थाई मागूर नको, त्याच्यावर बंदी आहे.

बेडूक न बोलावता येतील आणि जूनमध्ये रात्रभर ओरडतील. त्यांना पकडायला बॅटरी घेऊन कोणी आलं तर हाकलून द्या, ‘जंपिंग चिकन’साठी, म्हणजे खाण्यासाठी, बेडूक मारणं हा गुन्हा आहे. त्यांच्यामागोमाग दिवड (पाणसाप) येईल. ती बिनविषारी असते, फक्त चावरी. साफसफाई फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, तेव्हाही पाणी निम्म्याहून खाली नेऊ नका, आणि उपसण्याआधी उभ्या पाइपात काठी घाला.