विषाणूच्या आधी कावळा आणि डास शिका

डासांतून पसरणाऱ्या विषाणूंच्या उत्क्रांतीवर पीएचडी करू का, असं विचारणाऱ्या बहुतेकांना वंशवृक्ष काढता येतो. पण विषाणू कोणत्या पक्ष्यात वाढतो, हे सांगता येत नाही. मी डासांतून पक्ष्यांत आणि कधी माणसांत पसरणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूवर काम करते आणि माझा आग्रह आहे, आधी प्राणी शिका.

१९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माणसांना मेंदूज्वर होऊ लागला. सुरुवातीचं निदान होतं सेंट लुईस एन्सेफलायटिस, म्हणजे डासांतूनच पसरणारा दुसरा एक मेंदूज्वर. त्याच सुमारास शहरात कावळे मरत होते. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या ट्रेसी मॅकनमारा यांना निदान पटेना, कारण त्या आजाराने पक्षी सहसा मरत नाहीत. घोड्यांच्या मेंदूज्वराचा विषाणू म्हणावा, तर तिथले एमू (शहामृगासारखे मोठे पक्षी) आधी दगावायला हवे होते, आणि एमू तर ठणठणीत होते! विषाणूचा जनुकक्रम नंतर हाती आला आणि तो वेस्ट नाईल निघाला. शंका आधी आली ती पक्षी जाणणाऱ्या बाईंना.

या विषाणूचा आरएनए सुमारे ११,००० अक्षरांचा. नक्कल होताना चुका दुरुस्त होत नाहीत, म्हणून बदल सतत घडतात. टिकतात मात्र मोजकेच, कारण तगायचं तर डासातही आणि पक्ष्यातही. न्यूयॉर्कमधला मूळ प्रकार काही वर्षांतच मागे पडला. त्याच्या जागी आलेल्या प्रकारात आवरणाच्या प्रथिनात १५९व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी ॲलनिन आहे, आणि तो क्युलेक्स डासाच्या लाळेत लवकर उतरतो. डासाचं आयुष्य ते केवढं! त्यात दोन-चार दिवस वाचणं फार मोलाचं. विषाणूच्या एनएस३ या दुसऱ्या प्रथिनात २४९व्या जागेवर आलेलं प्रोलिन हे अमिनो आम्ल अमेरिकन कावळ्याच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढवतं. कावळा मरतो, पण त्याआधी कितीतरी डासांना विषाणू देऊन जातो.

म्हणून एक हंगाम तरी सापळे लावायला जा. कुजलेल्या गवताच्या पाण्याचा सापळा अंडी घालायला आलेल्या माद्या पकडतो. त्यांनी आधी रक्त प्यायलेलं असतं, म्हणून विषाणू सापडण्याची शक्यता जास्त. वास सहन करावा लागतो. नमुन्यावर तारीख, ठिकाण आणि डासाची जात तिथल्या तिथे लिहा. त्याशिवाय पुढचं सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकक्रम वाचणं, वाया.

प्रवेश मिळेपर्यंत जेनबँक या जनुकक्रमांच्या खुल्या संग्रहातले वेस्ट नाईलचे क्रम उतरवून घ्या. ते मोफत आहेत. त्यांचा वंशवृक्ष काढा आणि एनएस३च्या २४९व्या जागी प्रोलिन कुठल्या फांद्यांवर स्वतंत्रपणे उगवलंय ते शोधा.