बायबल कुठून उघडावं?

चर्चच्या मंडळीत नवीन आलेलं माणूस हमखास हेच विचारतं. माझं सांगणं एवढंच, की पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. मी तसं केलं आणि लेवीय या तिसऱ्याच पुस्तकातल्या यज्ञविधींपाशी दमले; पुस्तक सहा महिने कपाटावर पडून. मार्कापासून सुरुवात करा. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यांत लहान, 16 अध्याय. रोज एक, तोही मोठ्याने. मी कुकर लावला की ओट्यापाशीच वाचते. पानांवर हळदीची बोटं उमटलीत, उमटू देत.

वाचून झालं की एकच ओळ वहीत उतरवा आणि तिच्यावरूनच प्रार्थना करा. शब्द सुचले नाहीत तर बायबलमधलं 23वं स्तोत्र आहेच, सहाच वचनं.

पण एकट्याने हे फार दिवस चालत नाही. रविवारी उपासनेला जा, आणि आशीर्वाद झाल्या झाल्या चपला शोधायला धावू नका, थोडं थांबा. आई दवाखान्यात होती तेव्हा रोज डबा आणणारी बाई वर्षभर माझ्या मागच्याच बाकावर बसत होती. मला तिचं नावही ठाऊक नव्हतं!

घरगुती प्रार्थनासभाही चुकवू नका. आमच्याकडे पेटी-टाळांवर नारायण वामन टिळकांची भजनं होतात. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग-ओवीतच ख्रिस्त गायला, त्यामुळे चाल पटकन ओठांवर येते. सूर चुकला तरी चालतो, माझा अजून चुकतो.

शंका पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, जरूर विचारा, फक्त उपासनेनंतर दारातल्या गर्दीत नको. आधी फोन करून निवांत जा.