घरात लहान मूल असताना खेळण्यांचा हिशेब कसा ठेवावा

दीड-दोन वर्षांच्या मुलाला वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन भरायचा भारी नाद असतो. म्हणून ठोकळा बुटात सापडतो आणि पझलचा तुकडा उशीच्या अभ्र्यात. ही सवय मोडत बसू नका. हिशेब मोठ्यांनी ठेवायचा, आणि तो सोपा जावा म्हणून आधी बाहेर असलेली खेळणी कमी करायची.

सगळी खेळणी एकदा जमिनीवर ओता आणि पुठ्ठ्याची नळी, म्हणजे टॉयलेट पेपर संपल्यावर उरते ती, हाताशी घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी ज्या नळकांड्यात तपासतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. पुठ्ठ्याची नळी त्याहून थोडी रुंद असते, त्यामुळे घरची तपासणी जास्तच कडक होते. नळीत पूर्ण शिरेल ते मुलाच्या घशात अडकू शकतं, म्हणून त्याच्या हाती द्यायचं नाही. ते मोठ्या भावंडाचं असेल तर झाकणाच्या डब्यात, उंचावर.

उरलेल्यांतली आठ-दहा खेळणी बाहेर ठेवा, बाकीची पेटीत भरून दृष्टीआड करा. दर एक-दोन आठवड्यांनी अदलाबदल करा. मुलाचा जीव अडकलेलं खेळणं मात्र कधीच आत जात नाही. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात सोळाऐवजी चारच खेळणी समोर असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमलेली दिसली.

एकच मोठी खोल पेटी हा सर्वांत वाईट पर्याय. तळातली गाडी हवी म्हणून मूल सगळी पेटी उपडी करतं, आणि जड झाकण बोटांवर, मानेवर पडतं ते वेगळंच. वीतभर उंचीच्या उघड्या टोपल्या घ्या, एका टोपलीत एकाच जातीची खेळणी, आणि बाहेरून त्याच खेळण्यांचा फोटो चिकटवा. मुलाला वाचता येत नसलं तरी फोटो कळतो. टोपल्यांचं कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं केलेलं हवं, कारण मुलं त्यावर चढतातच.

मोजणी फक्त संचांची करा. प्रत्येक संचाला झिपची पिशवी, त्यावर मार्करने आकडा: ‘ठोकळे २४’, ‘पझल १२’. पझलच्या प्रत्येक तुकड्यामागे त्या संचाची खूण करा, एकाला गोल, दुसऱ्याला त्रिकोण. दोन पझलं एकमेकांत मिसळली तरी पाच मिनिटांत वेगळी होतात. सुटा सापडलेला तुकडा लगेच जागेवर नेण्याची गरज नाही. स्वयंपाकघरात उंचावर एक वाटी ठेवा, दिवसभराचं सगळं तिच्यात. रात्री आवरताना वाटी रिकामी करायची आणि पिशव्या मोजायच्या.

एखादा तुकडा कमी भरला तर दिवे मालवा आणि टॉर्च फरशीवर आडवा ठेवून खोलीभर फिरवा. लहानशा मण्याचीही सावली लांब पडते, चटकन दिसते. सोफ्याच्या फटीसाठी व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडावर पातळ मोजा रबरबँडने बांधा; तुकडा मोज्याला चिकटून राहतो. वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर आणि बूट विसरू नका. कचऱ्याचा डबा तर ओतण्याआधीच बघा, नंतर हळहळून उपयोग नाही.

बॅटरी आणि चुंबक यांच्या बाबतीत मात्र शोधत वेळ घालवू नका. बटणासारखी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होते. एकाहून जास्त चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. गिळल्याची नुसती शंका असली, मूल हसत-खेळत असलं, तरी त्याला उलटी करायला लावू नका, थेट रुग्णालयात न्या. त्या खेळण्याचं खोकं किंवा तशीच दुसरी बॅटरी सोबत घ्या, डॉक्टरांना आकार लगेच कळतो. बॅटरीच्या कप्प्याचा स्क्रू दर महिन्याला घट्ट करा. खेळणं आपटून आपटून तो सैल होतो.