स्वप्रकाशित कादंबरीची ऑनलाइन प्रसिद्धी : या चुका टाळा

स्वखर्चाने पहिली कादंबरी काढलेल्या लेखकाचे सारे लक्ष आपली पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली याकडे असते. प्रत्यक्षात पोस्ट बऱ्याचदा पोहोचलेली असते आणि वाचकाची उत्सुकताही जागी झालेली असते. परंतु पोस्ट पाहणे आणि पुस्तक विकत घेणे यांच्या मधल्या टप्प्यांवर तो गळतो. म्हणून विक्री होत नसेल तर पोस्टची संख्या वाढवण्याआधी, अनोळखी वाचकाला काय काय करावे लागते हे दुसऱ्याच्या मोबाइलवर तपासून पाहावे.

सर्वांत मोठी गळती नमुन्यात होते. अॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेवर पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण दहा टक्के भाग विनामूल्य वाचता येतो. आपल्या रिवाजाप्रमाणे तिथे अर्पणपत्रिका, मान्यवरांची प्रस्तावना, लेखकाचे मनोगत आणि सविस्तर ऋणनिर्देश असतो. कादंबरी दीडशे पानांची असेल तर नमुना एवढ्यातच संपतो आणि कथा कशी आहे हे पाहायला आलेल्या वाचकाला लेखकाने कोणाकोणाचे आभार मानले एवढेच कळते. छापील प्रतीत हा क्रम खुशाल ठेवावा, ई-आवृत्तीत मात्र हे सारे शेवटी न्यावे आणि पहिले प्रकरण पुढे आणावे. प्रस्तावनाकार नाराज होतील ही भीती खरी आहे, पण त्यांना आधी विश्वासात घेता येते.

पुस्तकाच्या पानावरचा परिचय हेही दुर्लक्षित राहणारे ठिकाण आहे. ‘हृदयस्पर्शी’, ‘मन हेलावून टाकणारी’ ही विशेषणे कोणत्याही कादंबरीला लावता येतात, म्हणून ती काहीच सांगत नाहीत. माणसे कोण आहेत, कुठली आहेत आणि कोणत्या पेचात सापडली आहेत, हे तीन-चार वाक्यांत सांगावे. मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, हेही पाहावे. डीटीपीसाठी वापरलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला की पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात आणि शोधातही पुस्तक सापडत नाही. अनेक वाचक मराठी नावही रोमन लिपीत टाइप करून शोधतात, त्यामुळे अॅमेझॉनच्या केडीपीवर (लेखकाला स्वतःच पुस्तक प्रकाशित करू देणाऱ्या सेवेवर) कीवर्डसाठी, म्हणजे शोधशब्दांसाठी, जे सात रकाने मिळतात, त्यांत शीर्षकाचे रोमन रूप घालण्याचा विचार जरूर करावा.

परदेशस्थ मराठी वाचकांना कागदी प्रत मागवणे महाग पडते, त्यामुळे ई-पुस्तकाचा खरा ग्राहक तिथेही असतो. त्यांना भारतीय दुकानाची लिंक पाठवून मात्र उपयोग होत नाही, कारण किंडलचे खाते ज्या देशाच्या दुकानाशी जोडलेले असते तिथूनच पुस्तक घेता येते. अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळाच्या गटात अमेरिकी दुकानाचीच लिंक द्यावी.

केडीपी सिलेक्टची अट न वाचणे ही महागात पडणारी चूक आहे. या योजनेत सामील झाल्यावर नव्वद दिवस ते ई-पुस्तक अन्यत्र डिजिटल स्वरूपात ठेवता येत नाही. भारतातील विक्रीवर सत्तर टक्के मानधनासाठी ही योजना घ्यावी लागत असल्याने लेखक होकार देतात आणि हीच कादंबरी आपण ‘प्रतिलिपी’ या ऑनलाइन साहित्याच्या संकेतस्थळावर प्रकरणशः टाकलेली आहे, हे विसरून जातात. विनामूल्य मजकूर असला तरी अट मोडतेच. आधी ती प्रकरणे काढावीत, मग सामील व्हावे. कागदी प्रतीला ही अट लागू नाही.

नातेवाइकांकडून पाच तारे मिळवण्याचा मोह आवरावा. जवळच्या माणसांची आणि पैसे देऊन मिळवलेली परीक्षणे अॅमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत आणि ती काढून टाकली जाऊ शकतात. त्याऐवजी नियमित परीक्षणे लिहिणाऱ्या वाचकांना प्रत भेट द्यावी, पण परीक्षणाची अट घालू नये. ‘वेळ मिळाला तर वाचा’ एवढेच म्हणावे आणि पुन्हा विचारणा करू नये. फेसबुकवरील वाचकांच्या गटांतही हेच धोरण चालते : तिथे काही महिने इतरांच्या पुस्तकांवर मनापासून लिहिणाऱ्याची स्वतःची कादंबरी लोक आपणहून उघडून पाहतात, तर प्रवेश मिळताच मुखपृष्ठ चिकटवणाऱ्याची पोस्ट गटाचे प्रशासक काढून टाकतात.

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय) करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : ज्यांनी आपला क्रमांक जतन केलेला असतो, त्यांनाच हा संदेश मिळतो. त्यामुळे प्रकाशन समारंभात किंवा पुस्तक प्रदर्शनात भेटलेल्या वाचकाचा केवळ क्रमांक घेऊन थांबू नये, तर आपला क्रमांक त्याला तिथेच जतन करायला सांगावा.