भातकापणीच्या दिवसांत लहान मुलांना शेतावर नेताना

ठाणे किंवा नवी मुंबईतून लहान मुलांसह एका दिवसात शेत पाहून परत यायचे असेल, तर दसरा आणि दिवाळी यांच्यामधले दिवस निवडावेत. हळवे, म्हणजे लवकर पिकणारे भात तोवर कापणीला आलेले असते, मध्यम मुदतीचे निमगरवे पिवळे पडू लागते आणि उशिरा पिकणारे गरवे बहुधा अजून हिरवे उभे असते, त्यामुळे एकाच फेरीत पिकाच्या तीन अवस्था पाहता येतात. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर मानली जाते. तरीही परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह कोसळू शकतो, म्हणून आदल्या संध्याकाळी शेतकऱ्याला फोन करून बेत पक्का करावा. त्या फोनवर ‘काय काय पाहायला मिळेल’ असे विचारू नये, ‘उद्या कोणते काम निघाले आहे’ असे विचारावे. कापणी, बांधणी किंवा झोडणी यांपैकी एक जरी काम चालू असेल, तरी चार-पाच वर्षांच्या मुलाचा दिवस भरून जातो. काहीच चालू नसेल, तर झोपाळा आणि बैलगाडीची फेरी एवढेच हाती लागते, आणि त्यासाठी इतका प्रवास करण्याची गरज नाही.

ठाणेकरांना शहापूर आणि मुरबाड तालुके, तर पनवेल-खारघरकडच्या कुटुंबांना चौकमार्गे कर्जत सोयीचे पडते. शहापूरसाठी आसनगावपर्यंत लोकल आहे. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून एसटी घ्यावी लागते. ओळखीच्या शेतकऱ्याचे शेत केव्हाही उत्तम, परंतु मूल फारच लहान असेल तर स्वच्छतागृह आणि सावलीची खोली असलेले कृषी पर्यटन केंद्र निवडण्यात कमीपणा नाही. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले असून अशा केंद्रांना पर्यटन संचालनालयाकडून नोंदणी प्रमाणपत्र मिळते. ते आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

घरातून सहाच्या सुमारास निघावे. पहिल्या खेपेस आम्ही अकरा वाजता पोहोचलो, तेव्हा ऑक्टोबरच्या उन्हात मुले रडकुंडीला आली होती आणि कापणारी मंडळी सावलीला बसली होती. अंगभर सुती कपडे, टोपी आणि बंद बूट घालावेत, कारण भाताचे कूस, म्हणजे लोंबीवरचे टोकदार केस, अंगाला लागले की खाज सुटते. खाचरात चिखल असेल, तर मुलांना अनवाणी उतरवू नये. पायाला बारीकशी जखम असली तरी साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संसर्ग होऊ शकतो. चालणे नेहमी बांधावरून असावे. उभे पीक तुडवून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना शेतकरी तोंडावर काही बोलत नाही, एवढेच.

कापणीपाशी मुलांना निदान अर्धा तास तरी बसू द्यावे. विळा हातात देऊ नये, पण पकडीत भाताचे किती चुडे (झुबके) मावतात आणि कापलेले भात वाळण्यासाठी कसे पसरतात, हे जवळून दाखवावे. मग प्रत्येकाला एक लोंबी द्यावी, तिच्यातले दाणे मोजायला सांगावेत आणि एक दाणा नखाने सोलायला लावावा. ताटातल्या भातालाच भात म्हणणाऱ्या शहरी मुलाला येथे उभ्या पिकालाही भात म्हणतात, तूस काढल्यावर त्याचा तांदूळ होतो आणि शिजल्यावर तो पुन्हा भात होतो, हे ऐकून मोठी गंमत वाटते. खळ्यावर झोडणी चालू असेल, तर पेंढा आणि दाणे वेगळे होताना दिसतात. मात्र मळणी यंत्र चालू असेल, तर मुलांना आणि लोंबत्या ओढण्यांना त्यापासून दूर ठेवावे.

खरा धोका पाण्याचा आहे. पोहोचताच कठडा नसलेली विहीर आणि शेततळे कोठे आहे, हे विचारून घ्यावे आणि मुलांसोबत एक मोठे माणूस केवळ लक्ष ठेवण्यासाठी नेमावे. शेततळ्याला आतून प्लास्टिक अंथरलेले असते. घसरलेल्या मुलालाच काय, मोठ्यालाही त्या बुळबुळीत उतारावरून वर येणे कठीण जाते. पेंढ्याच्या ढिगात हात घालू देऊ नये, कारण उंदरांच्या मागावर साप तेथे येतात. सर्पदंश झालाच, तर आवळपट्टी बांधण्यात किंवा चिरा देण्यात वेळ न घालवता तो अवयव स्थिर ठेवावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे निघावे. ढग गडगडू लागले की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात किंवा गाडीत जावे.

जेवणाची फार तयारी नको. तांदळाची भाकरी, पिठले आणि वरण-भात सांगून ठेवावा, मुलांच्या वाट्याचा ठेचा वगळावा, पिण्याचे पाणी घरून न्यावे आणि धारोष्ण दुधाचा आग्रह झाला तरी ते उकळूनच द्यावे. गुरांना हात लावल्यावर साबणाने हात धुवायला लावावेत.

तीन वाजता निघावे, म्हणजे परतीची गर्दी टळते आणि मुले वाटेत झोपतात. निघताना शेतकऱ्याकडून तो सांगेल त्या दराने किलोभर तांदूळ विकत घ्यावा आणि दोन-चार लोंब्या मागून घ्याव्यात. कोकणात दसऱ्याला ‘नवे’, म्हणजे नव्या पिकाच्या लोंब्या, दाराला बांधतात, तशा त्या दारावर बांधता येतील. मात्र चिमण्या येतात, हे शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.