रब्बीचा भाजीपाला: महिना पाहून पीक निवडा

परतीचा पाऊस सरून वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी ओलसर झाली, की रोपवाटिकेपुढे गर्दी होते, आणि जो तो कोबी-फ्लॉवरची रोपे उचलतो. ही घाई टाळा. ऑक्टोबरचा उन्हाळा आणि डिसेंबरची थंडी हे भाज्यांच्या दृष्टीने दोन वेगळे हंगाम आहेत, तसे धरूनच निवड करा.

ऑक्टोबरात मेथी, पालक, कोथिंबीर आणि मुळा घ्या. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिनाभरात काढणीला येते. सगळे वाफे एकाच दिवशी पेरू नका. दर 10-12 दिवसांनी एकेक वाफा पेरला तर घरालाही पुरते आणि बाजारात एकदम माल पडत नाही. धने फळीखाली हलके रगडून फोडा, रात्रभर भिजवा आणि मगच पेरा. मुळ्यात पुसा चेतकी उष्णता सोसतो. पुसा हिमानी थंडीसाठी राखून ठेवा.

सगळ्यात जास्त फसगत फ्लॉवरमध्ये होते. गड्डा धरायला प्रत्येक वाणाला ठरावीक तापमान लागते. पुसा स्नोबॉलसारखा उशिराचा, म्हणजे थंडीतला वाण उष्ण दिवसांत लावला तर नुसती पाने वाढत राहतात, गड्डा धरत नाही. उलट लवकरचा वाण थंडीत लावला तर रोप लहान असतानाच बटणाएवढा गड्डा येतो आणि तिथेच थांबतो. मग खत, पाणी, औषध कितीही द्या, उपयोग नाही. म्हणून रोपे घेताना वाणाचे नाव आणि लागवडीचा महिना विचारा. दुकानदाराला सांगता आले नाही तर ती रोपे घेऊच नका.

कोबी त्यामानाने सोशिक. चार-पाच आठवड्यांची रोपे 45 × 30 सेंमीवर लावा. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या कोबीची पाने खातात; त्याला आवरण्यासाठी कोबीच्या दर 25 ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी घ्या. त्यातली एक कोबीच्या 15 दिवस आधी पेरा, दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी. पतंग कोबीऐवजी मोहरीवर अंडी घालतो. अळ्या दिसताच मोहरीवर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.

वाटाणा आणि गाजर रात्री गार पडू लागल्यावरच पेरा. तापलेल्या मातीत वाटाण्याची रोपे मरतात. गाजराला ताजे शेणखत घालू नका, मुळाला फाटे फुटतात. बी बारीक असते, वाळूत मिसळून ओळीत पेरा आणि उगवेपर्यंत वरचा थर सुकू देऊ नका.

लसूण मात्र लांबवू नका. थंडीत त्याची पाने वाढतात आणि दिवस मोठा व उबदार होऊ लागला की गड्डा भरतो. नोव्हेंबर उलटून लावलेल्या लसणाला पाने वाढवायला वेळच मिळत नाही, गड्डे बारीक राहतात.

भेंडी, काकडी, दोडका यांचे बी नाशिक-निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात डिसेंबरात टाकू नका, उगवण धड होत नाही. थंडी ओसरेपर्यंत थांबा.

कोकणातला हिशेब वेगळा. तिथे थंडी सौम्य असते, त्यामुळे उशिराच्या फ्लॉवरच्या मागे न लागता भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल घ्या. विहिरीचे पाणी असेल तर शेजारी लाल माठ आणि मुळाही चांगला येतो.