आवाज येतो पण बोलणं कळत नाही: इम्प्लांटवाल्या आजी-आजोबांशी कसं बोलायचं

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, ७६ वर्षांचे, कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवतात ते ऐकण्याचं मशीन) होऊन ९ वर्षं झाली. सुरुवातीला मस्त चाललं होतं, पण हल्ली दोनेक वर्षं सारखं "काय? काय म्हणालीस?" परवा मी विचारलं, "आप्पा, गोळी घेतली का?" तर म्हणाले, "होळी कधीच गेली!" सगळे हसले, ते मात्र गप्प बसले. मला फार वाईट वाटलं.

आधी मशीन बघा, लगेच वयावर खापर फोडू नका. मुंबईच्या पावसाळ्यात माईकच्या कव्हरमध्ये दमट हवा जाते आणि आवाज दबतो, म्हणून प्रोसेसर (मशीनचा कानावर बाहेर लावायचा भाग) रोज रात्री ड्रायिंग बॉक्समध्ये ठेवायचा. कव्हर वेळच्या वेळी बदला, बॅटरी बघा, आणि मॅपिंगला, म्हणजे मशीनचं सेटिंग त्यांच्या ऐकण्याप्रमाणे जुळवून घ्यायला, वर्षातून एकदा तरी जाच (आम्ही दोन वर्षं टाळलं, चूक आमची). वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, कानाबद्दल विचारपूस कुठे सुरू करायची कळत नसेल तर तिथे जाऊन बघा.

मॅपिंग ठीक असूनही त्रास होतो तेव्हा गोष्ट बऱ्याचदा कानापेक्षा मेंदूची असते. चांगल्या कानात आवाज टिपून मेंदूकडे पाठवणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण ३५०० असतात, इम्प्लांटमध्ये तेच काम करणारे इलेक्ट्रोड (विजेचे बारीक टोक) १२ ते २२, म्हणजे आवाज मुळातच जाडाभरडा पोचतो आणि उरलेलं मेंदूने जुळवून घ्यायचं. वय वाढलं की हे जुळवणं हळू होतं, भरभर बोललेलं निसटतं, एक शब्द लावेपर्यंत पुढचे चार निघून गेलेले असतात. शांत खोलीत बरंच कळतं आणि लग्नाच्या हॉलमध्ये काहीच कळत नाही, ते यामुळेच. त्यांना नाटक करतायत म्हणू नका प्लीज.

आता मुख्य मुद्दा, ओरडू नका. प्रत्येक इलेक्ट्रोडला मोठ्या आवाजाची मर्यादा घातलेली असते, त्यापुढे तुम्ही कितीही घसा फोडा, आवाज मशीन तिथेच दाबणार, वर ओरडताना आपले शब्दही वाकडे होतात. त्यापेक्षा आधी नाव घ्या, चेहरा दिसेल असे समोर या, विषय सांगा आणि मग बोला. मी आता "आप्पा... बीपीची गोळी. सकाळची. घेतलीत का?" असं तुकड्यातुकड्याने विचारते, मध्ये श्वासभर थांबते, आणि दहातल्या आठ वेळा एका फटक्यात उत्तर येतं. विषय कळला की म्हातारी माणसं अंदाज छान बांधतात, आयुष्यभराची भाषा असते ना त्यांच्याकडे. नाहीच कळलं तर तेच वाक्य तीनदा म्हणू नका, शब्द बदला. आणि "जाऊ दे, काही नाही" हे तर कधीच म्हणू नका, त्याचा आप्पांना सगळ्यात जास्त राग येतो.

आमचं घर परळला रस्त्यालगत, त्यात मिक्सर, टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्या. बोलायच्या आधी टीव्ही बंद, खिडकी बंद. हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल घ्या, त्यांची पाठ भिंतीकडे करा. थेट प्रोसेसरला आवाज पाठवणारा वायरलेस माईक मिळत असेल तर बोलणाऱ्याच्या कॉलरला लावा, गर्दीत खूप फरक पडतो. चष्म्याचा नंबरही तपासा, ओठ दिसलेच नाहीत तर निम्मी मदत गेली.

ऐकण्याचा सराव आम्ही पेपरवर करतो. मी बातमी वाचते, ते बोट ठेवून बघतात, मग पेपर झाकून तीच बातमी पुन्हा. १५ मिनिटं बास, ऐकून ऐकून डोकं शिणतं त्यांचं, संध्याकाळी तर जास्तच, म्हणून बँकेची वगैरे बोलणी सकाळीच उरकतो.

एक लक्षात ठेवा, वयाने होणारा फरक हळूहळू होतो. दोन दिवसांत अचानक कमी कळायला लागलं, चक्कर आली किंवा इम्प्लांटच्या जागी दुखलं, सुजलं तर सराव वगैरे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.